डाव्या पंखावरचा तोळा

खंडेनवमीच्या दिवशी इंगवल्यांच्या कारखान्यात भट्टी पेटत नसे आणि हत्यार हलत नसे. सकाळी आठ वाजता आण्णांनी, म्हणजे आकाराम इंगवल्यांनी, शिरोलीच्या पॅटर्नशॉपमध्ये पांढरे धोतर अंथरले आणि त्यावर करवती, पटाश्या, रंधे आणि कानशी लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने मांडल्या. सर्वांत वर, मानाच्या जागी, दोन पोलादी पट्ट्या ठेवल्या. एक साधी आणि दुसरी श्रिंकेजची. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस साच्यात थंड होताना आकसतो, म्हणून साचा उठवायचा लाकडी नमुना, पॅटर्न, आधीच थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी या दुसऱ्या पट्टीवरचा प्रत्येक फूट खऱ्या फुटाहून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब असतो. एरवी दोघी जुळ्या बहिणींसारख्या. फरक कळावा म्हणून आण्णांनीच कधीकाळी श्रिंकेजच्या पट्टीच्या टोकाला तांबडा ठिपका दिला होता. "आधी पट्टी बघा, मग लाकूड," हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षे शिकाऊ पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितले होते.

हळदकुंकू वाहून झाल्यावर त्यांनी कामगारांना बजावले, "उद्या दसऱ्याची आरती होईपर्यंत यातल्या एकालाही हात लागता कामा नये. नियम म्हणजे नियम."

त्या नियमाला दुपारी आपणच अडखळणार आहोत, याची त्यांना त्या वेळी सुतराम कल्पना नव्हती.

दुपारी साऱ्या घराण्याची गाठ गडमुडशिंगीच्या माळावर पडायची होती. जुलैत ठरलेल्या कराराचा तो दिवस होता. पॅटर्नशॉपच्या वरची खोली गेली वीस वर्षे आण्णांच्या हातच्या छोट्या विमानांची होती. चौसष्ट साली तिथे पहिले विमान जन्माला आले; दोन तारांना बांधून ते आण्णांभोवती गोल फिरले आणि तिसऱ्या फेरीत बाभळीत शिरले. एकोणऐंशी सालचे चौथे विमान जुलैत उसात पडले ते जानेवारीत ऊस तुटल्यावर सापडले, तेव्हा त्यात उंदराने संसार थाटला होता. आता थोरल्या मुलाला, कृष्णातला, ती खोली ड्रॉइंग ऑफिससाठी हवी होती, कारण पुण्याचे नवे गिऱ्हाईक नकाशे मागत होते. धाकटा भाऊ सयाजी वाटणीनंतर स्वतःची फौंड्री चालवत असला, तरी पुतण्याच्या बाजूने बोलायला जुलैतल्या त्या बैठकीला अगत्याने आला होता. आण्णांची पत्नी तानाबाई गप्प बसल्या होत्या आणि या घरात तानाबाईंचे गप्प बसणे म्हणजे अर्धा ठरावच मंजूर होणे.

आण्णांनी फक्त एक उड्डाण मागून घेतले होते. "खंडेनवमीला सगळ्यांना सुटी असते. सगळ्यांसमोर उडवतो. तीन फेऱ्या, आणि मग चाकांवर अखंड उतरेल. नाही जमलं, तर दसऱ्याच्या मुहूर्तावर तुमचं टेबल वर चढवा. मी पुन्हा बाल्साच्या हलक्या लाकडाची काडीसुद्धा मागवणार नाही."

आणि आज शब्द पाळायची वेळ आली होती.

थोरली बहीण बनाबाई, सगळ्यांची बनाक्का, हिचे घर माळाच्या कडेलाच होते. तिने पोळ्या आणि कटाची आमटी असा बेत करून सगळ्यांना जेवू घातले आणि मग अंगणातली बाज उचलून थेट माळावर नेऊन टाकली. पानाचा तोबरा भरून ती त्या बाजेवर फेट्याविना पाटलासारखी बसली.

"आकाराम, पडलं तर कुणीकडं पडंल?" तिने विचारले. "म्हंजे मी तिकडं बघत बसतो. मान तरी अवघडायची न्हाय."

"वन्सं, पडूच दे की एकदाचं," तानाबाई म्हणाल्या. "आमच्या अख्ख्या घराच्या पोटात गेलं न्हाय तेवढं एरंडेल त्या इंजिनाच्या पोटात गेलंय. वीस वरसं अंथरुणाला वास येतोय."

"तू पडू दे म्हणतीस काय? मग उडूच दे!" बनाक्काने ताबडतोब पक्ष बदलला. भावजयीच्या विरुद्ध मत देणे हा तिचा चाळीस वर्षांचा नेम होता.

सयाजी आपल्या जीपला टेकून दूर उभा होता. विमान खालून चालवायचा रेडिओ त्याच्याच मुलाने, बोटीवर नोकरी करणाऱ्या ज्ञानूने, जपानहून आणून दिलेला. तरी सयाजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आबांनी आमा दोघा भावास्नी एकेक तोळ्याची अंगठी दिलती. माझी बगा, अजून बोटात हाय. आण्णाची चौसष्ट साली इंजिन आणायला गेली. तवापास्नं ती ढगातच हाय."

हे वाक्य त्याने प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्यालाही म्हटले होते. आण्णा घोंगडीतून विमान सोडवत होते.

धड तयार होते. पंखाचे दोन अर्धे भाग मात्र वेगवेगळे बांधून आणले होते, कारण उजवा पंख आदल्या संध्याकाळपर्यंत वाळतच होता. दोन्ही पंख प्रथमच एकमेकांना भेटत होते. मधली जीभ खाचेत सरकली, रबरबँड ताणून बसले आणि केशरी रेशमाने मढवलेला पाच फुटांचा पंख माळावरच्या उन्हात असा काही झळकला, की बनाक्काचा तोबरा क्षणभर थांबला.

"आग्गं बया," ती म्हणाली. "नवरीवाणी दिसतंय की."

आण्णा खिशातून दोऱ्याचे रीळ काढत होते. कोणत्याही विमानाला ते ही शेवटची परीक्षा दिल्याशिवाय हवेत सोडत नसत. शेपटीच्या टाचणीला दोरा अडकवायचा, डाव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणून गाठ मारायची आणि तीच गाठ उजव्या टोकाला जुळते का ते पाहायचे.

गाठ जुळली नाही.

त्यांनी पंख किंचित फिरवला. मग नाकाकडून माप घेतले. तरीही नाही. शेवटी त्यांनी दोरा एकेका पंखावर सरळ लावला. डावा पंख उजव्यापेक्षा लांब होता.

"काय झालं आण्णा?" कृष्णात जवळ आला.

"पंख लहानमोठे आहेत."

"असे कसे? तुमच्या हातून?"

आण्णा काही बोलायच्या आत प्रमोदिनी, कृष्णातची बायको, पुढे आली. ती शास्त्राची पदवीधर, बोलणे मोजके आणि पाऊल ठाम. "उजवा पंख मी केला आहे," ती म्हणाली. "आमच्या खोलीत. दुपारच्या वेळी."



"तरीच!" तानाबाई म्हणाल्या. "तरीच म्हटलं, सूनबाईच्या खोलीतनं डिंकाचा वास का येतोय. मला वाटलं, डिंकाचं लाडू कराय लागलीय."

कृष्णातने बायकोकडे पाहिले. खोली मागणारा पक्ष आपल्याच घरात फुटला होता आणि तोही त्याच्या अंथरुणापासून चार हातांवर. पण तो मुळात सज्जन होता. रागावण्याऐवजी त्याने सोडवणूक शोधली.

"जाऊ द्या आण्णा. यात तुमची चूक नाही. हिला मापाचा अनुभव नाही, आणि तुम्ही विश्वासानं काम दिलंत. आज रद्द करू. आजचं उड्डाण धरायचंच नाही. दिवाळीपर्यंत खोली तुमचीच."

आण्णांनी मान वर केली. इतके सोपे दार त्यांच्यासाठी कधी उघडले नव्हते. नुसते 'बरं' म्हणायचे होते. विमान शाबूत, खोली शाबूत, नाव शाबूत.

"मी तीन वेळा मोजलं होतं," प्रमोदिनी हळू म्हणाली.

"मोजलं असशील गं," तानाबाई म्हणाल्या, "पर कशानं?"

"माझ्या कॉलेजच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं."

कशानं. तो शब्द आण्णांच्या कानात खिळ्यासारखा बसला. त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली, चार काड्या चिकटून शेजारी ठेवल्या आणि दोन पंखांतल्या फरकावर धरून पाहिल्या. नेमक्या बसल्या. अशा चार काड्यांची जाडी अडीच सूत होते, हे त्यांना पाठ होते. एक पंख अडीच फुटांचा. अडीच फुटांत अडीच सूत.

फुटाला एक सूत.

हा आकडा त्यांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा जास्त ओळखीचा होता. ऑगस्टमधली ती पावसाळी दुपार त्यांना आठवली. खिडकीतला करडा उजेड, खिळ्याला टांगलेल्या दोन पट्ट्या आणि न पाहता वर गेलेला आपला हात. तांबडा ठिपका त्यांनी पाहिलाच नव्हता. कारण वर्षभरात तांबडे आणि काळे त्यांच्या डोळ्यांना एकाच धुक्यात दिसू लागले होते. म्हणून तर उजवा पंख त्यांनी सुनेच्या हाती सोपवला होता. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू अजून पिकलेला नाही. ही गोष्ट प्रमोदिनीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती, आणि आता दोष अंगावर घेऊनही ती त्याबद्दल बोलत नव्हती.

आण्णा उभे राहिले. गुडघ्यावरची माती झटकली.

"हिचा पंख बरोबर आहे," ते म्हणाले. "नकाशाबरहुकूम. चुकला आहे तो माझा."

"तुमचा?"

"मी डावा पंख श्रिंकेजच्या पट्टीनं मोजला."

कृष्णातचे तोंड उघडेच राहिले. जीपजवळून सयाजी दोन पावले पुढे आला. "काय म्हटलास? परत बोल."

"श्रिंकेजच्या पट्टीनं मोजला. तांबडा ठिपका मला दिसला नाही. हल्ली दिसत नाही. मोतीबिंदू आहे."

सयाजीच्या पोटातून एक गडगडाट सुरू झाला, तो छातीत आला, गळ्यात आला आणि सगळ्या माळावर फुटला.

"आण्णा, मर्दा! बिडाचं विमान ओतायलास व्हय!" त्याने मांडीवर थाप मारली. "थांबा की रं जरा! थंड झाल्यावर पंख बरोबर बसंल!"

कृष्णात हसता हसता खाली बसला. चाळीस वर्षे उद्यमनगरातल्या साऱ्या कारखान्यांना पट्टी शिकवणाऱ्या माणसाने बाल्साच्या पंखाला बिडाचे माप लावले होते. ही चूक करायला आधी जन्मभर पॅटर्नमेकर असावे लागते, हे त्या माळावरच्या प्रत्येकाला कळले. फक्त बनाक्काला कळले नाही. तिने दोनदा विचारून घेतले आणि समजल्यावर सगळ्यांत जास्त वेळ तीच हसत राहिली. आण्णांनाही हसू आवरेना.

तानाबाई मात्र हसल्या नाहीत. "मोतीबिंदू मला सांगायचा न्हाय, सुनंला सांगायचा," त्या म्हणाल्या. "दोन म्हैने चहात मीठ टाकून पितायसा. मला वाटलं, आवडाय लागलं."

"तू बोलली नाहीस ते?"

"तुमी बोलताय का कदी, म्हणून बघत हुते."



"आता टोक कापून टाका की अडीच सूत," कृष्णात म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"कशानं कापू? हत्यारं पुजली आहेत."

"बनाआत्ती, तुमची विळी—"

"विळीला हळदकुकू वाहिलंय!" बनाक्का कडाडली. "भाजी कालच चिरून ठेवलीया. विळी, खुरपं, कुदळ, कातरसुदीक. आज ह्या घरात नखसुदीक काढायचं न्हाय."

मोडायला नियम अवघड नव्हता. पण तो सकाळी स्वतःच्या तोंडाने घातला होता, आणि एकदा पट्टीशी बेइमानी झाली तेवढी पुरे होती. आण्णा स्पिरिटच्या खोक्यावर बसले, कानावरची पेन्सिल काढली आणि खोक्याच्या फळीवर गणित मांडू लागले. डावा पंख लांब, म्हणून त्याला उचल जास्त. विमान उजवीकडे कलंडणार. टोक कापता येत नसेल, तर लांब पंखाच्या टोकाला तेवढेच वजन ठेवून तो खाली दाबायचा. किती? त्यांनी गुणाकार केला, पुन्हा तपासला आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. दहा ग्रॅम.

मान वर करून त्यांनी एकेकाकडे पाहिले. कृष्णात खिशातली चिल्लर खुळखुळवत उभा होता. तानाबाई कमरेवर हात ठेवून होत्या. आणि सयाजी हसून डोळ्यांत आलेले पाणी उजव्या हाताने पुसत होता. वाटणीनंतर अकरा वर्षांत तो आण्णांच्या इतक्या जवळ येऊन हसला नव्हता. त्याच्या करंगळीशेजारचे बोट उन्हात चमकले.

आण्णा जरा थांबले. मग म्हणाले, "डाव्या टोकाला एक तोळा वजन लागेल."

"एक तोळा!" बायकांचे हात आपसूक गळ्याकडे गेले.

"माझ्याकडं बगू नगासा," बनाक्का म्हणाली. "माझं चुनाळं न्या पायजे तर."

"जड होईल आक्का. बरोबर एक तोळा हवा."

सयाजीचे हसू थांबले. त्याने आपल्या बोटाकडे पाहिले, मग भावाकडे. आबांच्या जाड बोटांच्या मापाची ती अंगठी, पन्नास वर्षांत झिजून गुळगुळीत झालेली. ती ओढून काढायला त्याला थुंकी लावावी लागली.

"हे घे," तो म्हणाला. "आन् आण्णा, आबांची शपत हाय. हे उसात गेलं ना, तर जानेवारीपातूर तुला उसातच बसवीन."

"सयाजी, पडलं तर?"

"पडंल कसं? माझं सोनं हाय त्यात!"

कृष्णातने काळी चिकटपट्टी दातांनी तोडून दिली, कारण दात काही पुजलेले नव्हते. अंगठी डाव्या टोकाला घट्ट बसली. आण्णांनी सवयीने तिथे दोनदा टिचकी मारून पाहिली.

इंजिन सुरू करायला त्यांना नेहमी पंधरा झटके लागत. आज अकराव्यालाच ते खोकले आणि मग सुरेल कर्कश ओरडू लागले. एरंडेलाचा निळा धूर बनाक्काच्या बाजेवरून गेला. चरणाऱ्या चार शेळ्यांनी एकदम पश्चिमेकडे तोंड केले. आण्णांनी रेडिओची अँटेना लांब ओढली, गळ्यात पट्टा अडकवला आणि दोन अंगठे दोन दांड्यांवर ठेवले. हात शाबूत होते. डोळ्यांचे काय, ते आता वरच कळणार होते.

विमान माळावरून धावले, एका ढेकळावर उडाले, पुन्हा टेकले आणि मग वाऱ्याने त्याला हाताला धरून वर घेतले. पंख सरळ होते. अगदी सरळ, पाण्यावर ठेवलेल्या पट्टीसारखे.

"उडालं!" सयाजी ओरडला. "ए उडालं की रं! बगा, माझी बाजू कशी सरळ हाय!"

"सगळंच विमान सरळ आहे काका," कृष्णात म्हणाला.

"डावी बाजू जास्त सरळ हाय!"

पहिली फेरी उसाच्या फडावरून झाली. बनाक्का बाजेवर उभी राहिली. दुसऱ्या फेरीला तानाबाईंनी कमरेवरचे हात सोडले आणि पदर तोंडाशी नेला. वीस वर्षे त्यांनी या छंदाचा वास घेतला होता, पण एकही विमान इतका वेळ हवेत पाहिले नव्हते. केशरी पंख वळताना उन्हात पेटल्यासारखा दिसे आणि वळून झाला की विझे.

तिसऱ्या फेरीत विमान सूर्याच्या बाजूला गेले आणि आण्णांना दिसेनासे झाले.

डोळ्यांत नुसता पांढरा भडका होता. आवाज येत होता, विमान नव्हते. दिसत नसलेले विमान आपल्याकडे तोंड करून येते की पाठ करून जाते, हे कळल्याशिवाय दांडी हलवता येत नाही. कारण ते समोरून येऊ लागले, की डावे उजवे होते आणि उजवे डावे.

"प्रमोदिनी," ते पुटपुटले.

ती त्यांच्या उजव्या खांद्यामागेच होती. जणू मघापासून याच हाकेसाठी उभी होती. "दिसतंय आण्णा. आपल्याला पाठ करून जातंय. उंची भरपूर आहे."

"आन् माझी अंगठी?" मागून सयाजी.

"काका, गप्प बसा!" प्रमोदिनी म्हणाली. तिने चुलतसासऱ्याला असे ऐकवल्याचे कोणी कधी पाहिले नव्हते. सयाजी तत्काळ गप्प बसला. "आण्णा, डावीकडे वळवा. हळू. अजून. वळतंय. वळलं. आता तोंड आपल्याकडे आहे. आता उलटं धरा."

आण्णांनी डोळे सरळ मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांपुढे त्यांना विमान अधिक स्वच्छ दिसत होते. एकेक पट्टी, एकेक टाचणी त्यांच्या आणि तिच्या हातून गेली होती. तिचा आवाज आणि इंजिनाचा आवाज यांच्यामध्ये त्यांनी ते धरून ठेवले.

"सूर्य सुटला," ती म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले. केशरी ठिपका माळाच्या टोकाला, अगदी समोर होता. तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या. त्यांनी इंजिनाचा आवाज उतरवला. विमान खाली खाली आले, गवतावर टेकले, बेडकासारखी एक उडी मारली, दुसरी मारली आणि पळत जाऊन एका बोराटीच्या झुडपाशी थांबले.

सगळ्यांच्या आधी सयाजी धावला. एकसष्टाव्या वर्षी तो असा धावला, की शेळ्या बाजूला झाल्या. त्याने आधी डावे टोक चाचपले आणि मग दोन्ही हात वर केले. "हाय! सोनं हाय!"

कृष्णात वाकून पुढचा भाग पाहत होता. "पंख्याचं एक पातं टवकलंय," तो म्हणाला. आवाजात कुरापत नव्हती, पण करार त्याला पाठ होता. "अखंड उतरायचं ठरलं होतं."

"काय ठरलंतं?" सयाजी फिरला. "पंखा म्हंजे विमान हाय व्हय? पंखा म्हंजे खर्चाचा माल! भट्टीतली वाळू वापरून संपती, म्हणून भट्टी मोडली म्हणतोस का तू? इंगवल्यांचा पोरगा हायस का कोण हायस? अखंड हाय विमान! कोण न्हाय म्हणतंय, त्यानं माझ्यासमोर यावं!"

जुलैत याच काकांनी टेबलावर मूठ आपटून खोली रिकामी करायला सांगितले होते. कृष्णातने त्यांच्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, आणि हात जोडले.

"मान्य. ड्रॉइंग ऑफिस खालच्या मजल्यावर करू. पण वरच्या खोलीत एक टेबल तरी जाणारच."

"कोणाचं?" आण्णांनी विचारले.

"हिचं. आमच्या खोलीत आता डिंकाचा वास नको." मग तो म्हणाला, "आणि पुण्याचे नकाशेही हिलाच दाखवावे म्हणतो. तीन वेळा मोजणारं माणूस मला कुठं मिळणार?"

प्रमोदिनी विमानाच्या चाकांतले गवत काढत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

आण्णा चिकटपट्टी सोडवू लागले, तेव्हा सयाजीने त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. आता काढलीस तर परत वाकडं उडंल."

"उद्या आरती झाली, की टोक कापून सरळ करतो ना."

"कापू नगंस." सयाजी माळाकडे बघत म्हणाला. "उद्या दसराच हाय. सोनं द्यायचंच असतंय की. आपट्याच्या पानाऐवजी हे समज." आणि आवाज पुन्हा चढवून, "पर दर रविवारी मी बगायला येणार! माझ्या डाव्या बाजूला कोण हात लावतंय काय, ते!"

संध्याकाळी सयाजीच्या जीपमधून सगळे परतले. पुढे काका-पुतण्या इंजिनाचा आवाज काढून दाखवत होते आणि प्रमोदिनी त्यांना तो चुकतो म्हणून सांगत होती. मागच्या बाकावर आण्णा आणि तानाबाई. दोघांच्या मांड्यांवर एकेक पंख, लहान मुलासारखा आडवा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता.

तानाबाईंनी बराच वेळ डाव्या पंखाच्या टोकावरून बोट फिरवले. मग हळू आवाजात विचारले, "अवो, आठ आण्याच्या नाण्याचं वजन किती असतंय?"

"पाच ग्रॅम."

"म्हंजे दोन नाण्यांचं धा."

"दहा."

"आन् तोळा?"

"सोनार हल्ली दहाच धरतात."

तानाबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. "किस्नाच्या खिशात मुठीनं चिल्लर वाजत हुती. मला लांबनं ऐकू येत हुतं. तुमास्नी ठावं न्हवतं?"

आण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्याने त्यांना काही जास्त दिसले असेल असे नाही. पण पुढच्या बाकावर सयाजीचा हसताना हलणारा खांदा त्यांना स्वच्छ दिसत होता.

"पट्टी कुठली उचलायची," ते म्हणाले, "ते माल बघून ठरवावं लागतं, अगं."